सूर्याची वेळ, यंत्राची वेळ : डेव्हिड रिटनहाउस यांचे खगोलीय संगीत-घड्याळ

जैन समाजाच्या दिनचर्येत काळगणनेला जे स्थान आहे, ते अन्य समाजांत क्वचितच आढळते. सामायिक एका मुहूर्ताचे, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांचे. नवकारशीचे प्रत्याख्यान सूर्योदयानंतर दोन घटिका. भोजन सूर्यास्तापूर्वी. निरोगी मनुष्याचे ३७७३ श्वासोच्छ्वास म्हणजे एक मुहूर्त, असे तीस मुहूर्त म्हणजे एक अहोरात्र, हे कोष्टक आगमग्रंथांतून परंपरेने आपल्यापर्यंत आले आहे. उपाश्रयातील वाळूची घडी आज अनेक ठिकाणी कोनाड्यात जाऊन बसली आणि भिंतीवर विजेरीचे घड्याळ आले. परंतु सूर्योदय-सूर्यास्ताचे छापील कोष्टक त्या घड्याळाशेजारी टांगावेच लागते, कारण घड्याळाला सूर्य दिसत नाही. सूर्याची वेळ आणि यंत्राची वेळ यांच्यात अंतर पडते. हे अंतर नेमके किती, हे यंत्राकडूनच वदवून घेण्याचा प्रयत्न सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका शेतकऱ्याच्या मुलाने केला. त्याचे नाव डेव्हिड रिटनहाउस, आणि १७७३ साली त्याने घडविलेले ते घड्याळ आज फिलाडेल्फिया शहरातील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे.

पुरुषभर उंचीपेक्षाही उंच असे हे महोगनी लाकडाच्या पेटीतील घड्याळ आहे. त्याला 'किती वाजले?' एवढाच प्रश्न विचारणे म्हणजे पंडिताला केवळ मुळाक्षरे विचारण्यासारखे होय. मुख्य तबकडीवर तास, मिनिटे व सेकंद तर आहेतच. शिवाय महिना व तारीख आहे. चार कोपऱ्यांत चार लहान तबकड्या आहेत. चंद्राचे पृथ्वीभोवतीचे भ्रमण, सूर्य कोणत्या राशीत आहे, सौरवेळ व घड्याळवेळ यांतील अंतर अशा गोष्टी हे यंत्र दाखविते. माथ्यावरील कमानीत सूर्याभोवती फिरणारी चिमुकली ग्रहमाला बसविली आहे. आणि ठरावीक वेळी हे घड्याळ गाते. पंधरा घंटांवर वाजणाऱ्या दहा सुरावटी त्यात आहेत आणि त्यांपैकी हवी ती निवडता येते.

हे सर्व करणाऱ्या माणसाला घड्याळजीकडे उमेदवारी करण्याची संधी कधीच मिळाली नव्हती. रिटनहाउस यांचा जन्म ८ एप्रिल १७३२ रोजी फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउन परिसरात झाला. त्यांचे पणजोबा विल्यम रिटनहाउस यांनी १६९० साली तेथे अमेरिकेतील पहिली कागद गिरणी उभारली होती. हेच पणजोबा तेथील मेनोनाइट पंथाचे पहिले धर्मोपदेशक. मेनोनाइट हा ख्रिस्ती धर्मातील शस्त्र न धरणारा पंथ. युद्धात भाग घेणे आणि शपथ वाहणे या दोन्ही गोष्टी त्याला निषिद्ध. डेव्हिड यांची आई क्वेकर घराण्यातली, म्हणजे तीही अहिंसेचा पुरस्कार करणाऱ्या पंथातलीच. ही कुळकथा येथे मुद्दाम सांगितली आहे. पुढे तिचा संबंध येणार आहे.

वडील शेतकरी. मुलाने नांगर धरावा अशी त्यांची साहजिक अपेक्षा. डेव्हिड सुमारे बारा वर्षांचे असताना सुतारकाम करणारे त्यांचे मामा वारले आणि त्यांची हत्यारांची पेटी भाच्याकडे आली. त्या पेटीत हत्यारांबरोबर अंकगणित-भूमितीची काही पुस्तके आणि गणिताची टिपणे होती. त्यानंतर नांगराचे दांडे आणि शेताचे कुंपण आकडेमोडीने भरलेले दिसू लागले, अशी आठवण त्यांच्या भावाने पुढे सांगितली आहे. सतराव्या वर्षी त्यांनी लाकडी चक्रांचे घड्याळ तयार केले. वडिलांनी अखेर हार मानली, हत्यारांसाठी पैसे दिले, आणि १७५१ च्या सुमारास नॉरिटन येथील शेताच्या कडेला, रस्त्यालगत, एकोणीस वर्षांच्या या तरुणाचे घड्याळाचे दुकान सुरू झाले.

उभ्या पेटीचे घड्याळ इतके उंच का असते, याचे उत्तर लंबकात आहे. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५६ साली लंबकाचे घड्याळ सिद्ध केले. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाण्यास बरोबर एक सेकंद घेणाऱ्या लंबकाची लांबी ९९ सेंटिमीटरांहून किंचित अधिक भरते. १६७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये नांगराच्या आकाराचा, अगदी थोड्या कोनात झुलू देणारा अडकाव निघाला, तेव्हा हा लांब लंबक अरुंद पेटीत मावू लागला. खाली उतरणाऱ्या वजनांनाही उंची हवीच होती. म्हणून घड्याळाला माणसासारखा देह मिळाला: वर चेहरा, मध्ये धड, खाली पाया.

चाके पितळेची. ओतीव पितळ मऊ असते. ते थंड अवस्थेत ठोकून ठोकून कठीण करावे लागे. मग छिद्रांची वर्तुळे आखलेल्या विभाजन-तबकडीच्या साहाय्याने परिघाचे समान भाग पाडून दात कापायचे व कानशीने एकेक घासून गुळगुळीत करायचे. लहान दंतचक्रे पोलादाची. हे काम चिकाटीचे खरे, परंतु खगोलीय घड्याळाची खरी अडचण हाताची नव्हे, गणिताची असते. चाकाला सत्तेचाळीस दात असू शकतात किंवा अठ्ठेचाळीस. साडेसत्तेचाळीस दात असू शकत नाहीत. आकाश मात्र पूर्णांकांच्या बंधनात चालत नाही. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंतचा सरासरी काळ २९ दिवस १२ तास ४४ मिनिटे ३ सेकंद. वर्षाचे दिवस ३६५ आणि वर सुमारे ५ तास ४९ मिनिटे. हे अपूर्णांक चाकांच्या दातांत कसे बसवायचे?

त्या काळच्या सामान्य घड्याळजीने यावर सोपी तोड काढली होती. चंद्राच्या चकतीला ११८ दात. चकतीवर दोन चंद्र रंगविलेले. दर बारा तासांनी एक दात पुढे. म्हणजे ५९ दिवसांत दोन चांद्रमास, एकाला साडेएकोणतीस दिवस. दर महिन्याला ४४ मिनिटांची चूक. अडीच वर्षांहून थोड्या अधिक काळात चंद्र एक पूर्ण दिवस चुकतो, मग मालकाने बोटाने चकती सरकवायची. घरगुती उपयोगाला एवढे पुरते.

येथे जैन वाचकाला आपल्या घरातील एका जुन्या हिशोबाची आठवण होणे स्वाभाविक आहे. सूर्यप्रज्ञप्तीत पाच वर्षांचे युग सांगितले आहे. त्याचे दिवस १८३०. या १८३० दिवसांत सौरमास ६०, ऋतुमास ६१, चांद्रमास ६२ आणि नक्षत्रमास ६७. कोणी घड्याळजी हे आकडे पाहील तर त्याला ते दंतचक्रांचे प्रमाणच वाटेल, कारण येथेही आकाशाची गती पूर्णांकांच्या गुणोत्तरात बांधली आहे. १८३० ला ६२ ने भागले असता चांद्रमास २९ पूर्णांक ३२/६२ दिवसांचा येतो, म्हणजे २९ दिवस १२ तास २३ मिनिटे. प्रत्यक्षापेक्षा एकवीस मिनिटे कमी. ११८ दातांच्या चकतीची चूक ४४ मिनिटांची होती. म्हणजे आगमातील प्रमाण अठराव्या शतकातील सामान्य घड्याळाहून दुपटीने अचूक ठरते. नक्षत्रमासाचा हिशोब तर याहूनही जवळ जातो: २७ दिवस ७ तास ३१ मिनिटे, आणि आजचे मान त्यापेक्षा सुमारे बारा मिनिटांनी जास्त आहे. वर्षाच्या बाबतीत मात्र हे प्रमाण इतके सूक्ष्म नाही. ३६६ दिवसांचे वर्ष प्रत्यक्षापेक्षा सुमारे अठरा तासांनी मोठे पडते. आगमातील लोकरचना मेरुकेंद्रित, रिटनहाउस यांची सूर्यकेंद्रित; त्या दोहोंची तुलना करण्याचे हे स्थळ नाही. परंतु न मावणाऱ्या आकाशाला मोजक्या पूर्णांकांत मावविण्याची खटपट दोन्हीकडे एकाच जातीची आहे, एवढे नोंदवावेसे वाटते.

अधिक सूक्ष्मता हवी असेल तर घड्याळकर्त्याला अधिक चांगले गुणोत्तर शोधावे लागते. एकोणीस वर्षांत २३५ चांद्रमास हे प्रमाण प्राचीन काळापासून ज्ञात आहे आणि ते फारच जवळचे आहे. परंतु २३५ म्हणजे ५ गुणिले ४७. आणि ४७ ही अविभाज्य संख्या. तिचे तुकडे पडत नाहीत, त्यामुळे ४७ (किंवा तिच्या पटीतील) दातांचे चाक कापावेच लागते. दुसऱ्या कोणत्याही चाकांच्या जोडीने ते साधत नाही. १९ चेही तसेच. खगोलीय घड्याळाची रचना करणारा कारागीर या अर्थाने प्रथम अंकशास्त्राचा अभ्यासक आणि मग लोहार-तांबट असतो. रिटनहाउस यांनी कुंपणावर केलेली आकडेमोड अशी उपयोगी पडली.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे सूर्य आणि घड्याळ यांच्यातील अंतराकडे वळावयास हवे. या घड्याळाच्या कोपऱ्यातील ज्या तबकडीवर हे अंतर दाखविले आहे, तिच्यावर सामान्य प्रेक्षकाची नजर ठरत नाही. वास्तविक सर्व यंत्रात तीच सर्वांत बोलकी आहे. सूर्य माथ्यावर येण्याचा क्षण रोज बरोबर चोवीस तासांनी येत नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने तिची गती वर्षभर सारखी नसते, आणि तिचा अक्ष कललेला आहे. या दोन कारणांचा परिणाम एकत्र होऊन फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य घड्याळाच्या सव्वाचौदा मिनिटे मागे असतो, तर नोव्हेंबरच्या आरंभी साडेसोळा मिनिटांच्या आसपास पुढे. वर्षातून चारच दिवस दोघांचे एकमत होते: १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर यांच्या जवळपास. या फरकाला कालसमीकरण म्हणतात. तो यंत्रात आणण्यासाठी घड्याळकर्ते वर्षातून एकदाच फिरणारी, काजूच्या बीसारखी दिसणारी एक वेडीवाकडी चकती कापीत. तिच्या कडेवर टेकलेला दांडा वरखाली होई आणि त्याबरोबर काटा. वर्षाच्या प्रत्येक दिवसाचा फरक त्या कडेच्या वळणात कानशीने उतरवावा लागे; कानस एका ठिकाणी जास्त लागली तर त्या आठवड्याची वेळ कायमची चुकली.

आपल्याकडे या फरकात आणखी एका फरकाची भर पडते. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्ताची. कोल्हापूर त्याच्या पश्चिमेस सव्वाआठ अंशांवर, म्हणजे तेथील सरासरी मध्यान्ह बारा वाजून तेहतीस मिनिटांनी. त्यात कालसमीकरण मिळविले की नोव्हेंबरच्या आरंभी कोल्हापुरात सूर्य सव्वाबाराच्या सुमारास माथ्यावर येतो आणि फेब्रुवारीत बारा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी. यामुळेच एक चमत्कार घडतो, जो रात्रिभोजनत्यागाचे व्रत असलेल्या घरांतील वडीलधाऱ्यांनी पंचांगाशिवायही ओळखलेला असतो. वर्षातील सर्वांत लहान दिवस २२ डिसेंबरच्या सुमारास. पण सर्वांत लवकर होणारा सूर्यास्त त्या दिवशी नसतो, तो नोव्हेंबरच्या उत्तरार्धातच होऊन जातो. आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यानंतर येतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळचे भोजन पाच-दहा मिनिटे उशिरा घेतले तरी चालते, हे गृहिणीला ठाऊक असते; कारण विचारले तर ती कोष्टकाकडे बोट दाखवील. फिलाडेल्फियातील त्या कोपऱ्यातल्या तबकडीवर या कोष्टकाचे कारण पितळेत कोरलेले आहे.

संगीताविषयी थोडक्यात. अशा घड्याळांत दंडगोलाकार ढोलावर बारीक खिळे ठोकलेले असतात. ढोल फिरला की खिळा हातोडीची शेपटी उचलतो आणि सोडतो, हातोडी घंटेवर पडते. सुरावट बदलायची तर ढोल किंचित बाजूला सरकवायचा, म्हणजे खिळ्यांची दुसरी रांग हातोड्यांखाली येते. सगळी किमया खिळ्याच्या जागेत. एक खिळा केसभर मागे-पुढे झाला तर ताल चुकतो. या गाण्यासाठी स्वतंत्र चक्रमालिका आणि स्वतंत्र वजन लागते, आणि ती चालू असताना वेळ मोजणाऱ्या मालिकेला धक्का पोचता कामा नये. गाणे आणि गणित एकाच पेटीत नांदविणे हे कौशल्याचे काम आहे.

हे घड्याळ तयार होण्यापूर्वीच रिटनहाउस यांचे नाव झाले होते. ३ जून १७६९ रोजी सूर्यबिंबावरून शुक्राचे अधिक्रमण झाले. (आपल्या पिढीने २००४ आणि २०१२ साली हा योग पाहिला, यापुढील योग २११७ साली आहे.) नॉरिटनच्या शेतावर त्यांनी वेधशाळा उभारली, दुर्बीण व घड्याळ स्वतः घडविले. शुक्राची कड सूर्याला टेकण्याचा क्षण आला तेव्हा भावनावेगाने त्यांची शुद्ध हरपली, असे त्यांचे स्नेही डॉ. बेंजामिन रश यांनी पुढे मृत्युलेखात सांगितले. शुद्धीवर येताच त्यांनी वेध पुरे केले. त्याच सुमारास त्यांनी ग्रहमाला दाखविणारे मोठे यंत्र हाती घेतले होते. १७७० मध्ये न्यू जर्सीतील प्रिन्स्टनच्या कॉलेजच्या प्रमुखांनी येऊन ते विकत घेतले, तेव्हा फिलाडेल्फियाच्या कॉलेजचे प्रमुख दुखावले; आपल्या गावचे रत्न शेजाऱ्याने नेले! मग रिटनहाउस यांनी फिलाडेल्फियासाठी दुसरे यंत्र करून दिले, ते १७७१ मध्ये पूर्ण झाले. १७७३ च्या घड्याळाच्या कमानीतील चिमुकली ग्रहमाला म्हणजे या दोन थोरल्या भावंडांची धाकटी बहीण होय.

यानंतरची हकिगत अस्वस्थ करणारी आहे. २४ फेब्रुवारी १७७५ रोजी अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे रिटनहाउस यांनी खगोलशास्त्रावर व्याख्यान दिले. ग्रहगोलांचे वर्णन करता करता ते अकस्मात इतर ग्रहांवरील संभाव्य रहिवाशांना उद्देशून बोलू लागले. तुम्ही भाग्यवान आहात, आमचा तुमचा संपर्क नाही हे तर त्याहून मोठे भाग्य, अशा आशयाचे ते उद्गार होते. आमच्या दुर्गुणांनी तुम्ही बिघडला नाहीत, आमच्या हिंसेने तुम्ही घायाळ झाला नाहीत. केवळ तुमची त्वचा प्रकाशाचे किरण निराळ्या रीतीने परावर्तित करते म्हणून तुम्हाला कोणी अमेरिकेत गुलाम केले नाही. प्रकाशशास्त्राच्या भाषेत गुलामगिरीवर इतका नेमका आघात त्या काळी दुसऱ्या कोणी केला असेल असे वाटत नाही. शस्त्र न धरणाऱ्या पणजोबांचा वारसा त्या व्याख्यानात बोलत होता.

दोनच महिन्यांनी अमेरिकन वसाहती व इंग्लंड यांच्यात युद्ध पेटले. पेनसिल्व्हेनियाच्या संरक्षण समितीने रिटनहाउस यांना अभियंता नेमले. शहरात शिशाची टंचाई होती, आणि शिशाशिवाय बंदुकीच्या गोळ्या होत नाहीत. १७७६ साली समितीने त्यांच्यावर आणि ओवेन बिडल यांच्यावर एक काम सोपविले: घड्याळांच्या वजनांसाठी साचे तयार करून लोखंडाची वजने ओतवून घ्यावीत आणि नागरिकांच्या घड्याळांतील शिशाच्या वजनांच्या बदली ती द्यावीत. घड्याळाला फरक पडणार नव्हता. शिसे जड असल्याने त्याचे वजन लहान जागेत मावते. ओतीव लोखंडाचे तेवढेच वजन सुमारे दीडपट जागा अडविते, इतकेच. घरोघरची घड्याळे पूर्वीसारखीच चालू राहिली. आणि कालपर्यंत ज्या शिशाने आठवडाभर शांतपणे खाली उतरत तास मोजले, त्याच्या गोळ्या झाल्या.

ज्याने वर्षभरापूर्वी हिंसेपासून दूर असलेल्या परग्रहवासीयांचा हेवा केला, त्याच्याच हातांना हे काम आले. स्वातंत्र्याचा पक्ष त्यांना न्याय्य वाटत होता आणि त्यांनी तो अंतःकरणपूर्वक स्वीकारला, हेही तितकेच खरे. पेनसिल्व्हेनियातील अनेक मेनोनाइट आणि क्वेकर कुटुंबांनी त्याच काळात शस्त्र धरण्यास नकार दिला व त्यासाठी दंड सोसले. रिटनहाउस यांनी निराळा मार्ग धरला. अहिंसाणुव्रत घेतलेल्या गृहस्थाला विरोधी हिंसेची मर्यादा कोठवर, हा प्रश्न आपल्या ग्रंथकारांनीही विचारात घेतलेला आहे आणि राजधर्म सांभाळणाऱ्या श्रावकांना तो प्रत्यक्षात पडलेला आहे. त्या प्रश्नाचे रिटनहाउस यांनी दिलेले उत्तर ज्याला पटणार नाही, त्यालाही शिशाची ती वजने डोळ्यांपुढून हलविता येणार नाहीत.

१७७७ पासून रिटनहाउस प्रांताचे कोषाध्यक्ष झाले, आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरात इंग्रज सैन्य फिलाडेल्फियात शिरले तेव्हा तिजोरीबरोबर त्यांनाही लँकेस्टरला जावे लागले. थॉमस जेफरसन यांनी १७७८ साली त्यांना पत्र लिहून, अशी बुद्धी राज्यकारभाराच्या रोजच्या कामात खर्ची पडावी याबद्दल नापसंती कळविली. त्यांचे घड्याळ मात्र शहरातच होते. ते मुळात जोसेफ पॉट्स यांच्यासाठी केले गेले. त्यांनी ६४० डॉलर मोजले. १७७४ च्या वसंतात ते थॉमस प्रायर या फिलाडेल्फियाच्या गृहस्थांनी विकत घेतले. इंग्रज सेनापती सर विल्यम हाउ यांची नजर त्यावर गेली आणि १७७८ मध्ये सैन्य शहर सोडण्यापूर्वी त्यांनी १२० गिनी देऊ केल्या, असे रिटनहाउस यांचे भाचे व चरित्रकार विल्यम बार्टन यांनी १८१३ च्या चरित्रात नोंदविले आहे. त्या काळच्या दराने हे सुमारे ५६० डॉलर होतात. म्हणजे जिंकलेल्या शहराचा सेनापती मूळ किमतीपेक्षा कमीच द्यायला निघाला होता. प्रायर यांनी नकार दिला. पुढे स्पेनच्या वकिलाने आपल्या राजाला नजर करण्यासाठी ८०० डॉलर सांगितले; त्यालाही नकार. १८०१ मध्ये मृत्यू येईपर्यंत प्रायर यांनी घड्याळ हातचे जाऊ दिले नाही.  इतिहासात त्यांचे नाव राहिले ते या दोन नकारांमुळे.

संस्थांच्या हाती गेलेल्या वस्तूंचे नशीब नेहमी याहून बरे असतेच असे नाही. प्रिन्स्टनच्या कॉलेजला अभिमानाने मिळविलेले ते मोठे ग्रहमाला-यंत्र युद्धात सैनिकांच्या हातून नादुरुस्त झाले. पुढे १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात ते मांडले गेले आणि त्यानंतर अनेक वर्षे कोणाच्या लक्षातच राहिले नाही. १९४८ साली विद्यापीठाच्याच एका इमारतीच्या तळघरात ते खोक्यांत बंद सापडले. दप्तरात नोंद होती, वस्तू आवारातच होती, आणि पन्नासएक वर्षे तिला कोणी उघडून पाहिले नव्हते. जुन्या मंदिरांच्या भांडारांतील हस्तलिखितांच्या पोथ्यांशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना हे वाचून आश्चर्य वाटणार नाही.

१७७३ चे घड्याळ प्रायर यांच्यानंतर रिटनहाउस यांचे दुसरे भाचे, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक बेंजामिन स्मिथ बार्टन यांनी विकत घेतले. मधल्या काही हातांतून ते वृत्तपत्राचे मालक जॉर्ज चाइल्ड्स यांच्याकडे आले. चाइल्ड्स हे पेढीवाले अँथनी ड्रेक्सेल यांचे निकटचे मित्र. ड्रेक्सेल यांनी १८९१ साली सामान्य घरांतील मुलामुलींना उपयुक्त शिक्षण मिळावे म्हणून संस्था काढली, आणि त्या शतकाच्या अखेरीस चाइल्ड्स कुटुंबाकडून हे घड्याळ त्या संस्थेकडे आले. तीच संस्था आज ड्रेक्सेल विद्यापीठ म्हणून ओळखली जाते.

रिटनहाउस स्वतः १७९१ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांच्या पश्चात फिलॉसॉफिकल सोसायटीचे अध्यक्ष झाले, १७९२ मध्ये अमेरिकेच्या टाकसाळीचे पहिले संचालक झाले, आणि २६ जून १७९६ रोजी निवर्तले. त्यांच्या हयातीतच, १७८१ साली, विल्यम हर्शेल यांनी इंग्लंडमध्ये दुर्बिणीतून सातवा ग्रह पाहिला. घड्याळ तेव्हा आठ वर्षांचे झाले होते. त्याच्या कमानीत बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू असे एकेक ग्रह आहेत, आणि सर्वांत बाहेरच्या फेऱ्यावर शनी.